थ्री फेज कधी येणार?

कागल सोडून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेला निघालात, की तासाभराच्या आत विजेचे तीन मालक भेटतात. कागलपर्यंतचे खांब महावितरणचे. दूधगंगा ओलांडून कोगनोळी नाका मागे पडला की हेस्कॉमचे, म्हणजे हुबळीच्या वीज पुरवठा कंपनीचे. निपाणी गेली, तवंदीचा घाट सरला, कणगल्याहून संकेश्वरची वाट लागली की हुक्केरी तालुका सुरू झालेला असतो. तिथले खांब ना महावितरणचे ना हेस्कॉमचे. ते सभासदांच्या सहकारी वीज सोसायटीचे. तिन्हीकडे ऊस तोच, मोटारी त्याच आणि माणसे एकमेकांची पाव्हणी. तरी पाव्हण्याच्या घरी चहाचा कप हातात यायच्या आधी प्रश्न येतो, "तुमच्याकडं थ्री फेज कवा असतंय?"

कनेक्शन आहे का, असे या पट्ट्यात आता कुणी विचारत नाही. मणिपूरमधल्या लेईसांगला २८ एप्रिल २०१८ रोजी वीज पोचली आणि देशातले प्रत्येक गाव उजळले, असे केंद्र सरकारने जाहीर केले. सौभाग्य योजनेत २०२२ पर्यंत २ कोटी ८६ लाख घरांना जोडण्या मिळाल्या. जगात अजून ६६ कोटींवर माणसे विजेविना आहेत, त्यांतली बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडल्या आफ्रिकेत. त्या हिशेबात आपण बरेच पुढे आलो, हे मान्यच करायला हवे. खेड्यांना २०१४ च्या सुमारास दिवसाला सरासरी साडेबारा तास वीज मिळत होती, ती आता साडेबावीस तासांवर गेली, असा सरकारी आकडा आहे. पण सरासरीच्या पोटात काय काय दडते, ते मळ्यात राहणाऱ्याला विचारावे.

बेळगाव जिल्ह्याला वीज नवी नाही. घटप्रभा गोकाकला सुमारे १७० फूट खाली उडी घेते. त्या पाण्याच्या जोरावर फोर्ब्स कंपनीने १८८० च्या दशकात तिथे सूतगिरणी उभी केली. १८८७ मध्ये इथे वीज तयार झाली, देशातली पहिली, असे गोकाककर सांगतात. कुणी आशियातलीही म्हणते. पहिलेपणाचे असले दावे दार्जिलिंगपासून शिवनसमुद्रापर्यंत ऐकू येतात, त्या वादात पडण्यात अर्थ नाही. ती ताकद गिरणीच्या चात्या फिरवण्यासाठी होती आणि आसपासच्या खेड्यांत त्यानंतर कित्येक दशके चिमणीच होती, एवढे मात्र निर्विवाद आहे. त्याच घटप्रभेवर, हुक्केरी तालुक्यातच, हिडकलचे राजा लखमगौडा धरण आहे. १९९२ पासून तिथे ३२ मेगावॅटचे वीजघर चालते. पायथ्याला वीज तयार होते म्हणून पायथ्याच्या गावाला ती आधी मिळते, असे मात्र नाही. ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि गावाच्या वाट्याला वेळापत्रकाप्रमाणे येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले, ते कागदावर राहिले. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. सीमाप्रश्नावर लिहायला बसलो तर अंक पुरायचा नाही, म्हणून इथेच थांबतो. विजेपुरते सांगायचे तर, सीमारेषा जमिनीवरून गेली तशी तारांवरूनही गेली, आणि दोन सरकारांनी पुढची सत्तर वर्षे वीज आपापल्या पद्धतीने वाटली. हुक्केरीत मात्र एक तिसरीच गोष्ट घडली.

व्यंकटप्पय्या समितीच्या शिफारशीवरून १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. अमेरिकेतून पीएल-४८० खाली आलेल्या धान्याचे रुपये सरकारकडे पडून होते, त्यांतून महामंडळाला भांडवल मिळाले. सोबत अमेरिकेतूनच एक कल्पनाही आली. १९३५ मध्ये तिथल्या दहांतल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. खासगी कंपन्या तिकडे फिरकेनात, तेव्हा रूझवेल्ट सरकारने शेतकऱ्यांना कर्ज दिले आणि त्यांनी आपल्या सहकारी संस्था काढून तारा ओढल्या. तोच प्रयोग भारतात पाच ठिकाणी करायचे ठरले: उत्तर प्रदेशात लखनौजवळ, गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिल्ला, महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आणि म्हैसूर राज्यात हुक्केरी. संकेश्वरच्या हिरण्यकेशी साखर कारखान्यामुळे सहकाराची नांगरट इथे आधीच झाली होती. दोन्ही संस्थांशी आप्पणगौडा पाटील यांचे नाव जोडलेले आहे. या भागात त्यांना सहकारमहर्षी म्हणतात.

पद्धत साधी. ग्राहक हाच सभासद. सोसायटी मोठ्या वीज कंपनीकडून ठोक वीज घेते, आपल्या तारांवरून घरोघरी देते, बिल वसूल करते, लाईनमन ठेवते, जळालेला टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बदलते. दर मात्र ती स्वतः ठरवत नाही. तो कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. मूळ कल्पनेचा जीव एका गोष्टीत होता: लाईट गेली तर तक्रार हुबळीला किंवा बंगळूरला करायची नाही. संचालक गावातलाच. वार्षिक सभेत उभे राहून त्याला विचारता येते. आणि सोसायटीचा पगार तुमच्या बिलातून निघतो, म्हणून तिला तुमचे ऐकावेच लागते.

हे शेवटचे वाक्य आज कितपत खरे उरले आहे? माझ्या मते सीमाभागातल्या विजेची सगळी गोम इथेच आहे.

आधी मुळा-प्रवरेकडे पाहू, कारण ती हुक्केरीची सख्खी बहीण. नगर जिल्ह्यातल्या १८३ गावांना तिने वीज दिली. सुरुवातीला तिचे कौतुक झाले, पाहायला लोक लांबून आले. पुढे शेतीपंपांची बिले थकली. पंपाला दर अश्वशक्तीमागे ठरावीक आणि तोही अपुरा, त्यामुळे ठोक वीज ज्या भावाने घ्यायची तेवढेही वसूल होईना. राज्य वीज मंडळाची थकबाकी वर्षानुवर्षे फुगत गेली आणि अखेर २०११ मध्ये परवाना संपून सगळे जाळे महावितरणकडे गेले. राजकारण होते, ढिलाईही होती. पण बुडण्याचे मूळ हिशेबात होते.

अमेरिकी तज्ज्ञांनी पुढे बांगलादेशातही १९७० च्या दशकाच्या अखेरीस पल्ली विद्युत समित्या उभ्या करायला मदत केली. अशा ८० समित्यांनी तिथली खेडी उजळली आणि मार्च २०२२ मध्ये त्या देशाने संपूर्ण विद्युतीकरण जाहीर केले. तिथे पंपालाही मीटर आहे आणि वापरलेल्या विजेचे बिल आहे. त्याच वर्षी जगात गॅस महागला आणि त्यांच्याकडेही भारनियमन परतले, तेव्हा त्यांचे सगळे आलबेल आहे असा दावा नाही. पण समिती बुडाली नाही, कारण तिला कुणी किती वीज घेतली ते ठाऊक होते.

हुक्केरीची सोसायटी बुडाली नाही. पाच दशके उलटून गेली तरी ती चालू आहे, हेच पुष्कळ. पण तिचे आणि हेस्कॉमचे दुखणे आता एकच झाले आहे. १ ऑगस्ट २००८ पासून कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. पैसे सरकार भरते. महाराष्ट्रातही २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत तेच झाले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, नाही कोण म्हणेल? उसाला दर मिळवायला ज्याला दरवर्षी रस्त्यावर उतरावे लागते, त्याने पंपाचेही बिल भरावे असे तोंड वर करून सांगायला मी धजणार नाही. फक्त त्यातून झाले काय ते पाहा. पंपाला मीटर नाही. किती युनिट गेले ते काही ठिकाणच्या टीसीवर मोजून बाकीच्यांचे अंदाजाने धरायचे. गळती किती, चोरी किती आणि शेतीला खरे किती, याची सरमिसळ होते. आणि पैसे बंगळूरहून येतात, म्हणून कंपनी असो की सोसायटी, तिचे डोळे बंगळूरकडे लागलेले असतात. शेतकरी ग्राहक राहिला नाही, लाभार्थी झाला. लाभार्थ्याने वेळ विचारायची नसते.

थ्री फेज सात तास. कर्नाटकात शेतीला एवढी वीज द्यायचे धोरण आहे. २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिला, धरणे रिती राहिली, पंप मात्र एकाच वेळी सुरू झाले. त्या ऑक्टोबरात सातचे पाच तास झाले आणि ओरड झाल्यावर पुन्हा सात. हे सात तास एका दमात असतीलच असे नाही. कधी चार दिवसा, तीन रात्री. आठवड्याआठवड्याने पाळी फिरते. रात्री एकला लाईट येणार म्हटल्यावर माणूस अंगावर घोंगडी टाकून मळ्यात जातो, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे. उसात पाय कुठे पडतो ते दिसत नाही. दारे मोडायचे, सरी भरायची, पुन्हा दारे. खानापूर आणि राधानगरीच्या बाजूला गवा असतो, साप तर सगळीकडेच.

त्याच ऑक्टोबरात विजयपूर जिल्ह्यातल्या कोल्हार तालुक्यात रोणीहाळच्या शेतकऱ्यांनी रात्री पाणी पाजताना सापडलेली मगर बांधून ट्रॅक्टरमधून थेट वीज केंद्रावर आणली. रात्री आम्हाला मगर चावली तर जबाबदार कोण, हा त्यांचा सवाल. चित्रफीत देशभर फिरली, लोक हसले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतले हे सर्वांत नेमके निवेदन होते. अर्ज-विनंत्यांच्या फायलीत जे मावत नाही ते त्यांनी कचेरीच्या दारात आणून ठेवले. सीमेच्या पलीकडे त्याच्या दीडेक वर्ष आधी तेच चालले होते. २२ फेब्रुवारी २०२२ पासून शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कचेरीसमोर बेमुदत धरणे धरले. मागणी एकच, दिवसा दहा तास. दोन राज्ये, दोन कंपन्या, पक्षही वेगळे, पण मागणी एकच होती.

रात्रीच का? पूर्वी याला कारण होते. कोळशाची केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, शहरे झोपतात, वीज उरते, ती शेतीला द्यायची. हिशेब त्या काळी बरोबर होता. आता चित्र उलटले आहे. पावगड्याच्या एकाच सौर उद्यानाची क्षमता २०५० मेगावॅट आहे. दुपारी ऊन असते तेव्हा वीज स्वस्त आणि मुबलक, संध्याकाळी सहानंतर महाग आणि अपुरी. शेतीला दुपारी वीज देणे आता उपकार नाही, कंपनीच्या फायद्याचे आहे. तरी वेळापत्रके जुन्या सवयीने फिरतात. त्यालाही एक तांत्रिक अडचण सांगितली जाते आणि ती खोटी नाही: सगळ्या फीडरना, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांना, एकाच वेळी दिवसा वीज द्यायची तर उपकेंद्रांची आणि तारांची ताकद वाढवावी लागेल. ती वाढवायला पैसे लागतात. पैसे कोण देणार, इथे आपण पुन्हा त्याच जागी येतो.

आता टीसी. महाराष्ट्रात डीपी म्हणतात, इकडे टीसी. दोन खांबांच्या मध्ये बसवलेला ट्रान्सफॉर्मर. निपाणी-हुक्केरी पट्ट्यात ६३ केव्हीएचा टीसी सर्रास दिसतो. त्यावर पाच अश्वशक्तीच्या दहा-बारा मोटारी नीट चालतात. प्रत्यक्षात असतात वीस. त्यांतल्या काहींच्या पाटीवर पाच लिहिलेले, विहिरीत साडेसातची. काही अक्रम, म्हणजे मंजुरीविना जोडलेल्या. त्या पुढे 'अक्रम-सक्रम' योजनेत पैसे भरून सक्रम व्हायच्या. प्रत्येक स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, कारण रात्री लाईट कधी येईल याची खात्री नाही आणि झोप सर्वांनाच हवी. लाईट येते आणि वीसच्या वीस मोटारी एका क्षणात उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. फ्यूज उडतो. लाईनमनच्या वाट्याला पंधरा-वीस गावे, तो येईपर्यंत पाणी जाईल. मग गावातलाच कुणी तरी धीट पोरगा खांबावर चढतो आणि फ्यूजच्या जागी जाड ॲल्युमिनियमची तार बांधतो. आता फ्यूज उडत नाही. टीसी जळतो.

नियमाने खेड्यात ७२ तासांत टीसी बदलून मिळायला हवा. प्रत्यक्षात लाईनमनला फोन, सेक्शन ऑफिसला चक्कर, मग गावाने वर्गणी काढून ट्रॅक्टर लावायचा, जळालेला टीसी उतरवून दुरुस्तीला न्यायचा, दुसरा आणायचा. वीज फुकट, पण तिला आणायचा डिझेलचा खर्च आपला. शेतीपंपाचे वर्षाचे बिल भरले असते तर किती झाले असते आणि टीसीच्या फेऱ्यांत, मोटारीच्या वायंडिंगमध्ये, जळालेल्या उसात किती गेले, याची बेरीज कुणी मांडत नाही. उसाच्या फडावरून लोंबणाऱ्या तारा वाऱ्यात एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि जानेवारी-फेब्रुवारीत 'शॉर्टसर्किटने ऊस खाक' ही बातमी पानाच्या एका कोपऱ्यात येते. जळालेला ऊस कारखाना घेतो, वजनात आणि दरात कापून.

गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे करण्याची कल्पना गुजरातने २००३ मध्ये ज्योतिग्राम म्हणून राबवली. कर्नाटकाने पुढे निरंतर ज्योती आणली. गावात चोवीस तास, शेतात सात. कल्पना उत्तम. पण चिक्कोडी, रायबाग, हुक्केरी, निपाणी या भागांत निम्मे गाव गावात राहतच नाही, मळ्यात राहते. विहिरीशेजारी घर, गोठा, लेकरांची शाळेची वह्या-पुस्तके. फीडर वेगळे झाले तेव्हा गावठाणाचे भले झाले आणि मळ्यातली वस्ती शेतीच्या तारेवर राहिली. तिला थ्री फेजचे सात तास आणि उरलेल्या वेळी मिणमिणती सिंगल फेज. त्या सिंगल फेजवर कन्व्हर्टर लावून मोटार चालवणारेही निघाले. त्यांना आळा घालायला कंपनीने ओपन डेल्टा नावाच्या जोडणीची युक्ती काढली आणि रात्री अभ्यासाला बसलेल्या पोरांच्या डोक्यावरचा बल्ब आणखी लाल झाला. सरकारच्या व्याख्येत २००४ पासून दहा टक्के घरांत वीज असली की गाव विद्युतीकृत धरतात. १९९७ पर्यंत तर गावाच्या हद्दीत कुठेही, कशासाठीही एक जोडणी असली की झाले. व्याख्येत मळ्याला जागा नव्हती, आजही पुरती नाही.

निपाणी शहरात प्रश्न वेगळा दिसतो. तंबाखूची ही पेठ. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी हाच महामार्ग अडवला आणि एप्रिलमध्ये गोळीबारात शेतकरी मेले, ते निपाणी विसरलेली नाही. त्या पेठेच्या मागच्या गल्ल्यांत विडी वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवून मऊ केलेली पाने. पान मापाने कातरायचे, चिमूट भरायची, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. दिवसभराच्या रांधण्या-धुण्यातून ठरलेला आकडा पुरा होत नाही, म्हणून रात्री बल्बखाली बसायचे. मुडपलेले तोंड उजेडाविना नीट दिसत नाही आणि कारखान्यात विडी छाटली की मजुरी कापली जाते. इथे वीज हे मजुरीचे साधन आहे.

या घरांत १९७९ च्या भाग्यज्योती योजनेने पहिला बल्ब आला. आता गृहज्योती आहे: जुलै २०२३ पासून दरमहा २०० युनिटपर्यंत वीज मोफत. पण प्रत्येकाला २०० नव्हे. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर, अधिक दहा टक्के, एवढेच फुकट. फारच थोडे वापरणाऱ्यांसाठी पुढे टक्क्याऐवजी दहा युनिट वाढवून दिले. हिशेब मांडून पाहा. विडीवालीच्या घरात सरासरी ३५ युनिट होते, तिला ४५ मोफत. बेळगावच्या टिळकवाडीत कुणाची सरासरी १५० होती, त्याला १६५. २०२५-२६ मधल्या ५ रुपये ८० पैसे दराने सरकारने हिच्यासाठी २६१ रुपये भरले, त्याच्यासाठी ९५७. जिच्या घरात पंखा नव्हता, तिने आज पंखा घेतला तर जादा युनिटचे बिल तिच्या नावावर. योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. महिन्याचे दोन-अडीचशे रुपये वाचणे म्हणजे काय, ते विडी वळणाऱ्या हाताला ठाऊक. पण गरिबाने गरिबाइतकेच वापरावे, हा नियमात लपलेला उपदेश मला खुपतो. बिल कन्नडमध्ये येते, त्यामुळे मराठी घरात या हिशेबाचा उलगडा शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवाकडून होतो. तो शाळेत गेला असेल तर बिल तसेच खिळ्याला अडकवले जाते.

बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर इथले यंत्रमाग १० अश्वशक्तीपर्यंत २०२३ पासून मोफत आहेत. विणकरासाठी मात्र झटका हा खरा शत्रू. लाईट क्षणभर गेली की धोटा वाटेत अडकतो, ताण्याचे धागे तुटतात, माग पुन्हा सुरू केला की कापडावर पट्टी उमटते आणि साडी दुय्यम मालात जाते. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीवाल्याला तर भट्टीत रस असताना वीज जाणे म्हणजे भट्टीच गमावण्याची वेळ. शिवाय शेतीचे आणि घराचे फुकट कुठून तरी भरून काढायचे, ते त्याच्या दरात येते. जून २०२३ मध्ये दर वाढले तेव्हा २२ जूनला राज्यभर उद्योजकांनी बंद पाळला. गंमत अशी की त्याच्या दहा वर्षे आधी कोल्हापूरचे कारखानदार महाराष्ट्राच्या वीजदराला कंटाळून निपाणीच्या बाजूला यायची भाषा करत होते आणि कर्नाटक सरकार जमीन द्यायला तयार होते. पलीकडची वीज नेहमीच स्वस्त वाटते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला गेलात की हे सगळे प्रश्न चैनीचे वाटू लागतात. भीमगड अभयारण्यातली आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली ही मराठी गावे. जून ते सप्टेंबर झाडे तारांवर पडतात, लाईनमनला नाले ओलांडून जायचे, नवी लाईन टाकायची तर वन खात्याची परवानगी. याच तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून धारवाडच्या नरेंद्रहून गोव्यातल्या शेल्डेला ४०० केव्हीची वाहिनी न्यायची योजना अनेक वर्षे गाजते आहे. कर्नाटकातले सुमारे १७७ हेक्टर जंगल तिच्या वाटेत येते. म्हादईच्या पाण्याच्या भांडणात ती अडकली, ते सोडून द्या. जंगलावरून चारशे केव्ही नेण्याचे नकाशे तयार होतात आणि जंगलातल्या वाडीला अकरा केव्हीची धड तार मिळत नाही, याचे आश्चर्य वाटणे आता बंद झाले आहे. अशा ठिकाणी सौर दिवे आणि बॅटऱ्या हाच खरा मार्ग. हरीश हंदे यांच्या सेल्को कंपनीने १९९५ पासून कर्नाटकातच, ग्रामीण बँकांचे कर्ज जोडून देऊन, गरीब घरेही सौर दिव्याचे हप्ते फेडतात हे दाखवले. दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याला असायला हवा, ही त्यांची खरी शिकवण. नाहीतर अनुदानातला दिवा दोन पावसाळ्यांत गोठ्याच्या आढ्याला लोंबतो.

बाकी सीमाभागाला उत्तर फीडरवरच्या सौर प्रकल्पात आहे. गावालगतच्या उपकेंद्राशेजारी पॅनेल लावायचे, शेतीचा फीडर दिवसा त्यावर चालवायचा. कुसुम योजनेच्या या भागाचे कर्नाटकातले उद्घाटन ११ जून २०२५ रोजी गौरीबिदनूरला झाले. महाराष्ट्र सौर कृषी वाहिनीच्या नावाने हेच करतो आहे. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात आणि त्यावर पाच अश्वशक्तीचे दोनशेच्या आसपास पंप दिवसा चालतात. दूधगंगा-वेदगंगेच्या काळ्या रानात एवढी जागा कुणी देणार नाही, पण तवंदीच्या पठारावर आणि हुक्केरीच्या पूर्वेला माळ आहे. गायरानावर डोळा ठेवण्याआधी मेंढपाळांना विचारावे, ही एक अट.

आणि हे काम हुक्केरीच्या सोसायटीने आधी करावे. तिच्याजवळ खांब आहेत, तारा आहेत, सभासद आहेत आणि माळही तालुक्यात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली तेव्हा एका बाजूला रमेश कत्ती, दुसऱ्या बाजूला मंत्री सतीश जारकीहोळी आणि माजी खासदार अण्णासाहेब जोल्ले असे मातब्बर उतरले. कत्ती गटाने बाजी मारली. वीज सोसायटीसाठी एवढी झुंज होते, याचा अर्थ सत्ता तिथे अजून आहे. तेव्हा सभासदांनी वार्षिक सभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: प्रत्येक टीसीला मीटर, प्रत्येक फीडरला आदल्या दिवशी थ्री फेज किती वाजता आली आणि किती वाजता गेली याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, कन्नड आणि मराठी दोन्हीत, आणि मळ्यातल्या घरांची वेगळी यादी. हेस्कॉमच्या ग्राहकांनी हेच नियामक आयोगाच्या सुनावणीत मागावे. दराच्या प्रस्तावावर हरकत घ्यायला वकील लागत नाही. आपला आरआर नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, आणि एका पानाचा अर्ज पुरतो, आणि ज्याचे बिल शून्य आहे त्यालाही तो हक्क आहे.